धागा: पावसाळ्यात लंगडणाऱ्या गाई, कासेची दगडी आणि गोठ्याची जमीन

माटोळी (धागाकर्ती)

पाऊस यायला अजून तीन आठवडे आहेत, म्हणून आताच हा धागा उघडते. गोव्यातल्या ५ ते १५ संकरित गाईंच्या गोठ्यांत दर वर्षी तोच क्रम दिसतो. जूनच्या अखेरीस एखादी गाय मागच्या पायाने लंगडते. जुलैत दोघींच्या कासेत दगडी (कासदाह, म्हणजे कासेची जंतुजन्य सूज) होते. गणेश चवथीपर्यंत दूध घटते आणि गाई माजावर आलेल्या कळतच नाहीत. प्रत्येक वेळी वेगळे इंजेक्शन आणि वेगळे बिल.

माझे म्हणणे असे की हे चार वेगळे आजार नाहीत. गाय कुठे बसते, काय खाते आणि तिची धार कशी निघते यातून हे चारही निघतात. जाणकारांनी कारणांसकट आणि मापांसकट लिहावे. "स्वच्छता ठेवा" एवढ्याने कुणाचे काम भागत नाही. कोबा किती उताराचा, सडाला (आचळाला) काय लावायचे, किती वेळ, असे हवे.

पान्हा

माटोळीताई, सुरुवात बसण्यापासून करतो, कारण बाकीचे तिथूनच सुटत जाते.

दुभती गाय दिवसातले १० ते १२ तास बसलेली असायला हवी. बसली की खुरांवरचा भार उतरतो, रवंथ नीट होते आणि कासेकडे रक्त जास्त जाते. एक लिटर दूध बनायला कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावे लागते. जमीन ओली, कडक किंवा निसरडी असली की गाय बसायचे टाळते. ती १५-१६ तास सिमेंटवर उभी राहते आणि शेवटी थकून बसते तेव्हा शेणमुतातच बसते. पहिल्याने खूर बिघडतो, दुसऱ्याने कास.

गोठ्यात जाऊन दोन गोष्टी बघा. पहिली: गाई बसतात त्या जागी स्वतः गुडघ्यांवर झटकन बसा. तुमचे गुडघे दुखले तर गाईचेही दुखतात, फक्त तिचे वजन ४०० किलो आहे. मग दहा सेकंद तसेच थांबून उठा. लेंगा गुडघ्याशी ओला झाला तर सडांनाही तीच ओल रात्रभर लागते आहे.

दुसरी: दुपारी दोनच्या सुमारास, आवाज न करता, दारातून मोजा. वैरण खाऊन झालेल्या गाईंपैकी किती बसल्या आहेत? बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत असाव्यात. एका घासाला ५० ते ७० वेळा चावणे झाले पाहिजे. ४० च्या खाली आले तर चाऱ्यात तंतू कमी पडतोय.

गाय पुढचे पाय गोठ्यात आणि मागचे पाय गटारात ठेवून तासन् तास उभी राहत असेल तर जागा लांबीला अपुरी आहे, किंवा तिला बसायची भीती वाटते आहे.

चिरेखाण

पान्हा डॉक्टरांनी भीतीचे लिहिले ते बरोबर, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा गव्हाणीची भिंत असते.

गाय उठते तेव्हा आधी मागचा भाग उचलते. त्यासाठी ती डोके आणि मान पुढे झोकते, साधारण दोन-अडीच फूट. समोर गव्हाणीची चिऱ्याची उंच भिंत असेल किंवा दावे आखूड असेल, तर तिला डोके झोकायला जागाच मिळत नाही. मग ती कुत्र्यासारखी पुढचे पाय आधी टेकून उठते, मागचे पाय घसरतात, गुडघे सोलतात. दोन-तीनदा असे झाले की ती बसायचेच टाळते. गव्हाणीचा तळ उभ्या जागेपेक्षा १० ते १५ सेंमी वर असावा आणि गाईच्या बाजूची भिंत तिला बसल्या बसल्या डोके वरून नेता येईल एवढी ठेंगणी. वरचा कोपरा घासून गोल करा, मानेला गाठी येतात त्या या कोपऱ्यानेच.

जमिनीची मापे:

उभी राहायची जागा जर्सी संकरित गाईला सुमारे १.६ मीटर लांब, होल्स्टिन संकरित असेल तर १.७ ते १.८. रुंदी १.१ ते १.२ मीटर. उतार मागच्या गटाराकडे ६० ला १, म्हणजे १.७ मीटरमागे जवळपास ३ सेंमी. याहून जास्त उतार दिला तर पाणी लवकर जाते खरे, पण गाभण गाईच्या शरीराचा भार मागे येतो आणि शेवटच्या महिन्यात मायांग (योनीमार्ग किंवा गर्भाशय) बाहेर येण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे गवंडी "पाणी लगेच गेलं पाहिजे" म्हणून ढाळ वाढवतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

कोबा गुळगुळीत घोटू नका. ओला असतानाच सुमारे १ सेंमी खोल, १ सेंमी रुंद खाचा ७-८ सेंमी अंतरावर पाडा. जुन्या कोब्यावर कटर मशीनने पाडता येतात. उलट, उघडा जांभा चिरा ठेवला तर तो कानशीसारखा तळवा झिजवतो. ओल्या खुराचे शिंग (खुराचे कठीण आवरण) मऊ असते, त्यामुळे पावसाळ्यात हे दुप्पट वेगाने होते.

पागोळी पडते तिथून गोठ्याच्या जोत्यापर्यंत किमान पाऊण मीटर अंतर ठेवा. छपराचा वळचणीचा भाग त्यासाठी बाहेर काढा आणि बाहेरून चर खणा. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिंतोडे कुठवर येतात ते गेल्या वर्षीच्या भिंतीवरच्या शेवाळावरून कळते.

खाजन

रबरी मॅटबद्दल कुणी लिहिले नाही. सध्या सगळे तेच घ्यायला सांगतात.

चिरेखाण

मॅट चांगली, पण कोबा सपाट नसेल आणि उतार चुकला असेल तर ती रोग झाकते. खालच्या बाजूला खळगे किंवा खाचा असलेली, १५ ते १८ मिलिमीटर जाड घ्या. पातळ मॅट चुरगळते आणि कडा वर येऊन पाय अडखळतो.

खाजन

मला मॅटचा आग्रह पटत नाही, निदान जून ते सप्टेंबर. मूत मॅटखाली जाते आणि तिथेच कुजते. आठवड्यातून एकदा मॅट उचलून, खालून घासून, उभी करून निथळायला हवी. एक मॅट ३०-४० किलोची. गोठ्यात एकटी बाई काम करत असेल तर ती दर आठवड्याला नऊ मॅट कशा उचलणार? हे आधी ठरवा, मग खरेदी करा.

अंथरुणासाठी काय चालते ते लिहितो. भाताचे तूस पाणी फारसे शोषत नाही, पण वर कोरडे राहते आणि पावसात बुरशीही कमी धरते. मे महिन्यात गिरणीतून आणून गोण्यांत भरून ठेवावे. नारळाच्या काथ्याचा भुसा भरपूर पाणी शोषतो, मात्र एकदा चिंब झाला की रोज बदलावा लागतो. सॉ मिलचा ओला लाकडी भुसा कासेजवळ अजिबात नको, त्यात क्लेबसिएला नावाचा जंतू वाढतो आणि त्याची दगडी औषधाला दाद देत नाही. पेंढा अंथरायचा असेल तर तो कोरडा, खडखडीत असला तरच. काळा पडलेला पेंढा ना खायला, ना अंथरायला.

चुना भुरभुरवतात तो पातळ थर, गाई बाहेर असताना, आठवड्यातून दोनदा पुरे. रोज टाकला तर सडांची कातडी फुटते, आणि फुटलेल्या सडात जंतू जास्त सहज बसतात.

पान्हा

खाजनभाऊंचा मॅटबद्दलचा मुद्दा मान्य. मॅट उचलणे जमणार नसेल तर फक्त गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या गाईंच्या जागी दोन-तीन टाका.

आता खुराकडे. लंगडी गाय ओळखायला ती तीन पायांवर येईपर्यंत थांबू नका. उभी असताना पाठ सरळ आणि चालताना कमान, ही पहिली पायरी. उभी असतानाही कमान, ही दुसरी. चालताना डोके दर पावलाला खाली-वर होते तेव्हा दोन महिने उशीर झालेला असतो.

दोन महिने का, ते सांगतो. खुराचे शिंग महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढते. आत पायाच्या हाडाखालच्या मऊ भागाला आज इजा झाली, तर तिथले रक्त तळव्याच्या पृष्ठभागावर ६ ते ८ आठवड्यांनी दिसते. ऑगस्टमध्ये तळव्याला जखम दिसली तर कारण जूनमध्ये शोधा: त्या वेळी खुराक बदलला का, गाय व्याली का, रात्रभर पाण्यात उभी होती का.

जखम बहुतेक वेळा मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीवर, तळव्याच्या मागच्या अर्ध्या भागात मधोमध असते. पाय धुऊन, चाकूने पातळ चकती काढली की आधी पिवळसर, मग गुलाबी ठिपका दिसतो. काळा ठिपका पांढऱ्या रेषेवर (तळवा आणि खुराची भिंत जुळते तिथे) असेल तर तिथून खडी किंवा घाण आत शिरून पू धरला असण्याची शक्यता जास्त.

खुरे साळण्याचे माप: नखीच्या पुढच्या भिंतीची लांबी केसांच्या रेषेपासून टोकापर्यंत मोठ्या होल्स्टिनला ७.५ सेंमी, आपल्या लहान संकरितांना थोडी कमी. टोकाशी तळव्याची जाडी किमान ५ मिलिमीटर ठेवावी. अंगठ्याने दाबल्यावर तळवा लवला तर आणखी एक कापही घेऊ नका. आतली नखी आधी साळायची, मग बाहेरची तिच्या उंचीला आणायची. वर्षातून दोनदा: एकदा आटवताना (विण्याआधी धार बंद करताना), एकदा विल्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी. जखम असेल तर त्याच पायाच्या निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवून दुखऱ्या नखीवरचा भार काढायचा. पट्टी बांधून ओल्या गोठ्यात सोडण्यापेक्षा हे कितीतरी पटीने बरे.

वेदना कमी करणारे औषध द्याच. दुखणारी गाय खात नाही, बसली की उठत नाही, माज दाखवत नाही. मात्र डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि अ‍ॅसेक्लोफिनॅक २०२३ पासून. मेलेल्या जनावराचे मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे या औषधांनी निकामी होतात. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि गाईला उपयोगीही. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

माटोळी

खुरांसाठी मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) पाणी वापरतात, ते किती टक्के? आणि त्यात पाय बुडवायचा हौद लहान गोठ्यात कुठे करायचा?

पान्हा

५ टक्के, म्हणजे २० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद. हौदात खोली किमान १० सेंमी लागते आणि आधी पाय धुतलेले हवेत, कारण शेण मिसळले की मोरचुदाचा जोर जातो. दहा गाईंसाठी हौद परवडत नाही. पाय धुऊन, बोटांमधल्या फटीत पाठीवरच्या पंपाने फवारा, आठवड्यातून दोन दिवस. उरलेले पाणी माडांच्या किंवा पोफळींच्या आळ्यात ओतू नका. मोरचुदातले तांबे मातीत साठत जाते, काही वर्षांनी तिथली जमीन आणि गांडुळे दोन्ही जातात. हा फवारा नख्यांमधल्या कुजण्यासाठी आहे. तळव्याच्या आतल्या जखमेवर त्याचा काही उपयोग नाही.

रवंथ

पाय बिघडतो तो अर्धा जमिनीने आणि अर्धा पोटाने, म्हणून खाण्याचे लिहिते.

जुलैत कापलेल्या कोवळ्या हिरव्या गवताचा २० किलोचा भारा दिसायला भरघोस असतो. त्यात कोरडा भाग जेमतेम ३ किलो, बाकी पाणी. ४०० किलोच्या, १२ लिटर देणाऱ्या गाईला दिवसाला १२ किलोच्या आसपास कोरडा भाग लागतो. पोट भरलेले दिसते पण दूध घटते, म्हणून लोक खुराक वाढवतात. सुग्रास (तयार पशुखाद्य) एकदम ४ किलो टाकले की कोठीपोटात (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटात) आम्ल वाढते, रवंथ थांबते, शेण पातळ आणि फेसाळ होते, त्यात न पचलेले दाणे दिसतात. हीच गाय दोन महिन्यांनी लंगडते.

खुराकाचे माप असे. शरीरपोषणाला १ ते दीड किलो, शिवाय दर अडीच लिटर दुधामागे १ किलो. १२ लिटरच्या गाईला साधारण ६ किलो. एका वेळी २ ते अडीच किलोच्या वर नको, म्हणजे दिवसातून तीनदा. खुराकाआधी थोडा कोरडा पेंढा द्या. हिरवे गवत कापून लगेच न टाकता छपराखाली चार-सहा तास पसरून सुकवा. पेंढा आणि गवत एकत्र कुट्टी केले तर गाय पेंढा वगळत नाही. कुट्टी दोन-तीन सेंमीच्या खाली नको, भुगा झाला तर तंतूचा उपयोग जातो.

नुसत्या भाताच्या पेंढ्यावर ठेवलेल्या गाईला कॅल्शियम कमी पडते, कारण पेंढ्यातले ऑक्झलेट ते बांधून ठेवते. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ चुकवू नका. पण शेवटचे तीन आठवडे गाभण असताना कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. बाहेरून भरपूर मिळाले की हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय सुटते आणि विल्यावर नेमक्या गरजेच्या वेळी गाय दुग्धज्वराने खाली बसते. दुग्धज्वराची गाय वार (झार) टाकत नाही, तिचे सडाचे तोंड घट्ट मिटत नाही, मग दगडी. साखळी इथेही तीच.

लग्नसराईत, जत्रेत आणि चवथीत उरलेला भात गाईंना घालतात. त्याबद्दल कळकळीने सांगते, घालू नका. शिजलेला भात कोठीपोटात काही तासांत आंबतो. १२ ते २४ तासांत पोट थांबते, आंबट वासाचे पाण्यासारखे शेण होते, डोळे आत जातात. त्यातून वाचलेली गायसुद्धा पुढचे चार महिने पायाने जाते. घालायचाच तर एका गाईला दोन मुठी, पेंढ्यात मिसळून.

काजूच्या हंगामात बोंडांचा रस काढल्यावरचा चोथा मिळतो. तो त्याच दिवशी पातळ पसरून कडक वाळवला तर खुराकात थोडा वापरता येतो. ढीग लावून ठेवला की आंबतो. बिअर कारखान्याचा ओला चोथा पावसात तीन-चार दिवसांवर टिकत नाही. वर करडी-हिरवी बुरशी दिसली की तेवढा थर काढून बाकीचा वापरणे चूक, विष खालपर्यंत पोचलेले असते. पेंडीच्या गोण्या जमिनीपासून १५ सेंमी उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर दूर. बुरशीतले अ‍ॅफ्लाटॉक्सिन दुधात उतरते आणि घरातली मुले तेच दूध पितात.

कुळागर

धार काढण्याचे माझ्याकडे. दगडी दोन वाटांनी येते. एक, जमिनीवरून, दोन धारांच्या मधल्या वेळात. दुसरी, हातांवरून, धार काढताना, एका गाईकडून दुसरीकडे. विल्यानंतर पहिल्या महिन्यात, भर पावसात, अचानक ताप आणि पाण्यासारखे दूध आले तर जमीन बघा. तीच गाय पुन्हा पुन्हा, कासेत गाठी, दुधात बारीक कण, ताप नाही, असे असेल तर हात आणि फडके बघा.

क्रम: हात साबणाने धुवा. पहिल्या ३-४ धारा काळ्या कापडावर किंवा काळ्या वाटीत, जमिनीवर नव्हे. कण, पाणचटपणा तिथेच दिसतो. सड धुवायचे, सगळी कास नव्हे, कारण कासेवरून ओघळलेले पाणी सडाच्या टोकाशीच येऊन थांबते. प्रत्येक गाईला वेगळे कोरडे फडके किंवा कागद. सडाला हात लावल्यापासून एक ते दीड मिनिटात धार सुरू करा. पान्हा सोडणारे संप्रेरक ५ ते ८ मिनिटेच टिकते, तेवढ्यात धार संपली पाहिजे. मध्येच उठून फोन घेतला तर उरलेले दूध कासेत राहते. गाईवर ओरडणे, काठी मारणे याने अ‍ॅड्रेनॅलिन वाढून पान्हा चोरला जातो. ज्या गोठ्यात आरडाओरडा आहे तिथे कासेत दूध उरते आणि उरलेल्या दुधात जंतू वाढतात.

अंगठा दुमडून पिळू नका. सडाच्या आतले अस्तर फाटते. पूर्ण मुठीने, वरून खाली बोटे मिटत.

धार झाली की लगेच ०.५ टक्के आयोडिनच्या, ग्लिसरीन असलेल्या तयार द्रावणात प्रत्येक सड किमान पाऊण भाग बुडवा. फवारा मारलात तर सडाची मागची बाजू कोरडी राहते. कपातले उरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नका. सडाचे तोंड धारेनंतर अर्धा तास ते काही वेळा दोन तास उघडे असते. त्या वेळात गाय बसू नये, म्हणून ताजी वैरण धारेनंतर टाका. आपल्याकडे धारेच्या वेळी खुराक देतात आणि नंतर गव्हाण रिकामी, त्यामुळे गाय लगेच बसते. हा एक बदल फुकटचा आहे.

आधी पहिलारू आणि निरोगी गाई, शेवटी दगडीवाली.

खाजन

घरी तपासणी करायची सोपी पद्धत?

कुळागर

१०० मिली पाण्यात ३ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर. चार वाट्या, चार सडांच्या. प्रत्येकीत दूध आणि हे पाणी समान, दोन-दोन चमचे, दहा-पंधरा सेकंद गोल फिरवा. पातळच राहिले तर ठीक. चिकट झाले, तळाशी जेलीसारखे जमले तर त्या सडात छुपी दगडी आहे. महिन्यातून एकदा सगळ्या गाई, सड लिहून ठेवायचा: पुढचा उजवा, मागचा डावा असे. चीक असताना आणि गाय आटत आली असताना ही चाचणी फसवते.

पान्हा

यात एक जोडतो. छुपी दगडी सापडली की लगेच सडात औषधाची ट्यूब घालायची गरज नसते. दुधाचा नमुना तपासून घ्या आणि आटवतानाच्या ट्यूबसाठी ती गाय राखून ठेवा. विण्याआधी ६० दिवस आटवायची, शेवटच्या धारेनंतर चारही सडांत लांब मुदतीची ट्यूब. सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसताना लांबचे दोन सड आधी, ट्यूब घालताना जवळचे दोन आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला हात लागत नाही. नळीचे टोक ३-४ मिलिमीटरच आत. उघड दगडीत सुरू केलेला औषधाचा कोर्स दूध पांढरे दिसले म्हणून दुसऱ्या दिवशी सोडला की तोच जंतू पुढच्या वेळी जुमानत नाही. लेबलवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत दूध सोसायटीत घालायचे नाही आणि वासरालाही पाजायचे नाही.

माटोळी

उष्म्याबद्दल कुणीतरी लिहा. पावसात गार असते म्हणून पंखे बंद ठेवतात.

रवंथ

तिथेच चूक होते. २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना उष्मा-आर्द्रता निर्देशांक सुमारे ८० येतो. दुभत्या गाईला ताण ७२ च्या पुढे सुरू होतो. रात्री २४ अंश आणि ९० टक्के असले तरी ७४. म्हणजे पावसाळ्यातही तिला पूर्ण विसावा मिळत नाही. बरगड्यांच्या मागची हालचाल मिनिटभर मोजा: ६० च्या वर गेली तर गाय तापली आहे. अशी गाय उभी राहते, कारण उभी असताना अंगाला वारा जास्त लागतो. बसणे कमी होण्याचे हे आणखी एक कारण.

धुके सोडणारे फॉगर आपल्या हवेत नकोत, आर्द्रता आणखी वाढते. उन्हाळ्यात जाड थेंबांनी पाठ मिनिट-दोन मिनिटे भिजवायची आणि मग दहा मिनिटे पंखा, असे दुपारी तीन-चार वेळा. पाणी ओघळून कासेपर्यंत गेले तर जास्त झाले. पावसाळ्यात नुसता पंखा. पश्चिमेचा पाऊस अडवायला सगळीकडून ताडपत्री बांधतात, त्यात अमोनिया कोंडतो. बसलेल्या गाईच्या नाकाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, तोंड नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर वरची दोन फूट पट्टी उघडी करा.

पाणी २४ तास समोर. १२ लिटरच्या गाईला ६० ते ८० लिटर. दिवसातून दोनदा बादली दाखवून एवढे पीत नाही.

चिरेखाण

पाण्यावरून एक. पावसात पंख्याची किंवा कुट्टी मशीनची ओली वायर लोखंडी खांबाला लागून बारीक करंट उतरतो. माणसाच्या चपलेतून तो जाणवत नाही, ओल्या जमिनीवरच्या गाईला जाणवतो. गाय पाण्याला तोंड लावून झटकन मागे घेते, धारेला नाचते. गोठ्यासाठी वेगळा ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा गळती रोधक स्विच बसवा आणि अर्थिंग मे महिन्यातच तपासा.

खाजन

घाटावरून गाय आणणाऱ्यांसाठी थोडे. कोरड्या हवेतली, कोरड्या जमिनीवरची होल्स्टिन गाय जूनमध्ये चोर्ला घाटाने गोव्यात उतरवून ओल्या गोठ्यात बांधली की हवा, चारा, पाणी, माणसे सगळे एकदम बदलते. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत आणा. तिथेच चारही सडांची चाचणी आणि ब्रुसेलाची (गर्भपात घडवणाऱ्या जंतुजन्य आजाराची) रक्त तपासणी. इथे आल्यावर २१ ते ३० दिवस वेगळी बांधा, तिची धार शेवटी. तिथला खुराक दहा दिवस पुरेल एवढा सोबत आणून हळूहळू बदला. गाडीतून उतरल्यावर आधी पाणी आणि पेंढा, सुग्रास दुसऱ्या दिवशी.

ज्यांना दोन-तीन लिटर घरापुरते हवे त्यांनी आपली गावठी पांढरी गाय, श्वेत कपिला, विचारात घ्यावी. तिची स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद आहे. या पावसाला तिचे खूर आणि अंग सरावलेले आहेत.

पान्हा

गोचिडांचे थोडक्यात. आपली नेहमीची गोचीड अंगावर साधारण २१ दिवस असते, मग मादी खाली पडून भिंतीच्या भेगांत दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून नुसती गाय फवारून उपयोग नाही. १२.५ टक्के अ‍ॅमिट्राझ १ लिटर पाण्यात २ मिली, कानांच्या आत, शेपटीखाली, कासेच्या मागे. दर १५ ते २० दिवसांनी, तीन वेळा. त्याच दिवशी चिऱ्यांच्या भेगा सिमेंटने बुजवा. सत्तरी तालुक्याच्या रानात चरणाऱ्या गुरांसाठी हे आणखी महत्त्वाचे. तिथे २०१५ पासून माकडतापाचे (गोचिडांतून माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे) रुग्ण आढळले आहेत. गुरे स्वतः आजारी पडत नाहीत, पण रानगोचीड त्यांच्या रक्तावर वाढते. डिसेंबर ते मे हा तिचा काळ.

घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यात, लाळ्या खुरकूतची वर्षातून दोनदा, ब्रुसेलाची फक्त कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच. ताप असलेल्या किंवा लंगड्या, खंगलेल्या गाईत लस नीट लागत नाही, तिथेही व्यवस्थापन आधी.

माटोळी

शेवटचा प्रश्न. हातात १५ दिवस आणि मोजके पैसे आहेत. यातले आधी काय?

पान्हा

पहिल्या दोन दिवसांत पैसा न लागणारे: धारेनंतर वैरण, दावे लांब, पाणी कायम, सुग्रास तीन वेळा विभागून. मग चर आणि वळचण, कारण पाऊस आला की ते होत नाही. मग कोब्याच्या खाचा, एका वेळी दोन जागा, गाई हलवत. सडाचे द्रावण आणि कप पहिल्या आठवड्यात. खुरे साळणारा माणूस जूनच्या आधी बोलवा, पण पाऊस सुरू व्हायला किमान दहा दिवस बाकी असताना, नुकता साळलेला तळवा ओलीत लगेच मऊ पडतो. मॅट आणि पंखे उरलेल्या पैशात.

चिरेखाण

दावे लांब म्हणजे किती, ते लिहा. नाहीतर गाय पाय अडकवून घेते.

पान्हा

गाय बसलेली असताना डोके कुशीकडे वळवून टेकवता आले पाहिजे, आणि उठताना पुढे झोकता आले पाहिजे. एवढे जमले की थांबा. कडी गव्हाणीच्या तळाशी, खालच्या बाजूला लावा आणि तिला फिरकी ठेवा, म्हणजे दोरी पिळली जात नाही.